दीड हाताची आगगाडी

आमच्या गावाचं नाव लोहा, आणि आमच्या गावात लोहमार्ग नाही. असला विनोद माणसाला सुचत नाही, तो भूगोलालाच सुचावा लागतो. आमच्यापासून नांदेड तीस-पस्तीस किलोमीटर. तिथं १९०० च्या आसपास निजामाच्या राज्यातली मीटरगेज आली. दुसऱ्या अंगाला लातूर, शंभरएक किलोमीटरवर. तिथं १९११ साली बार्शी लाईटची छोटी गाडी आली. दोन्ही बाजूंनी आगगाड्या येऊन थांबल्या आणि मधे आम्ही उरलो. पंगतीत दोन्हीकडून वाढपी यावेत, शेजारच्याला वाढून परत फिरावेत आणि आपल्या पानावर नुसतं मीठ राहावं, तसं काहीसं झालं.

रेल्वे नसलेल्या गावाचे फायदेही असतात, नाही असं नाही. आमच्या गावात आजवर कोणाची गाडी चुकलेली नाही. फाटक बंद म्हणून कोणी खोळंबलेलं नाही. अडचण यायची ती सोयरिकीच्या वेळी. पाहुणे विचारायचे, "स्टेशन कोणतं?" मग घरातलं वडीलधारं माणूस मोठ्या आवाजात "नांदेड" म्हणायचं आणि पुढचे पस्तीस किलोमीटर चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायचं. नांदेडहून लोह्यावरून लातूर रोडपर्यंत लाईन व्हावी ही मागणी फार जुनी आहे. इतकी जुनी, की 'सर्व्हे' हा शब्द आमच्याकडची पोरं 'आई', 'बाबा' यांच्या पाठोपाठ शिकतात.

तेव्हा या गावातल्या चौदा माणसांनी केवळ आगगाडी बघण्यासाठी सहल काढली, यात नवल वाटायला नको. नवल हे, की मोठमोठ्या गाड्या सोडून आम्ही निघालो ते जगातल्या लहानात लहान गाड्यांपैकी एक बघायला, म्हणजे नेरळ–माथेरानची.

आमची मंडळी म्हणजे संध्याकाळी पारावर जमणारी. त्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेले गुरुजी होते. ते अजूनही कोणतीही गोष्ट सनावळीपासून सुरू करतात. पोस्टातून निवृत्त झालेले काका होते, त्यांना सगळ्या गावांचे पिनकोड पाठ. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांच्या व्यवहारात मध्यस्थी करणारे मामा होते. ही जत्रा आमच्याच तालुक्यात भरते आणि घोडे, गाढवं, उंट सगळं तिथं विकायला येतं. त्यामुळे चार पायांच्या कोणत्याही वाहनावर मत देण्याचा अधिकार मामांकडे आपोआप आलेला आहे. माझ्या आत्याबाई होत्या, वय ऐंशीच्या पुढं. सासर लातूरजवळचं, पण मामंजी गेल्यापासून मुक्काम लोह्यात. शिवाय दोन सुना, त्यांची पोरं आणि सामान उचलायला मी.

"खेळण्यातली गाडी हाय म्हणं," आत्याबाई म्हणाल्या. "आन् ती बगाया चौदा माणसं एवढ्या लांब जायची? जत्रंत मिळत नाही का खेळण्यातली गाडी?"

गुरुजींना ते लागलं. "आत्याबाई, ती खेळण्यातली नाही. १९०७ सालापासून माणसं वाहून नेतीय."

"मग तिला तसं का म्हंत्यात?"

याचं उत्तर तेव्हा गुरुजींपाशी नव्हतं. ते मिळालं सहलीत, आणि तेही आत्याबाईंकडूनच.

लोहा ते नांदेड एस. टी., नांदेडहून रात्रीची देवगिरी, पहाटे कल्याण, तिथून कर्जतकडची लोकल आणि नेरळ. मधला तपशील सांगत नाही. रात्री नऊच्या सुमाराला धपाट्यांचा आणि ठेच्याचा डबा उघडला तेव्हा आमच्या डब्यातल्या सगळ्या प्रवाशांशी ओळखी झाल्या, आणि पहाटे लोकलमध्ये चढताना त्याच वेगानं सगळ्या ओळखी पुसल्या गेल्या, एवढं पुरे.

नेरळला मोठ्या फलाटाच्या शेजारीच छोटा फलाट आहे. इकडे सव्वापाच-साडेपाच फुटांवर अंथरलेले जाड रूळ आणि तिकडे दोन फुटांवरचे बारके. थोरल्या जावेच्या शेजारी धाकटी उभी असावी तसे. आमच्या मामांनी आधी काय केलं असेल, तर वाकून दोन रुळांमधलं अंतर हातानं मोजलं. "दीड हातसुद्धा भरंना की वो गुरुजी!"

गुरुजींनी हिशेब सांगितला. भारतातली मोठी गाडी पाच फूट सहा इंची. निजामाची मीटरगेज तीन फूट तीन इंचांच्या थोडी वर. लातूरची जुनी गाडी अडीच फुटी. आणि ही दोन फुटी. हात अठरा इंचांचा धरला, तर लातूरची आणि माथेरानची यांच्या मधोमध दीड हात येतो. मामांनी मान डोलावली. घोड्याची उंची मोजणाऱ्या माणसाला असा हिशेब लगेच पटतो.

तिकिटासाठी रांग होती. डबे मोजके, जागा मोजक्या, गाड्याही दिवसाकाठी मोजक्याच. आम्ही चौदा माणसं दोन डब्यांत विभागलो गेलो. एका बाकावर दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास सोडायचा नाही, अशी व्यवस्था. आत्याबाई खिडकीशी बसल्या आणि गाडीकडं आतून एकदा बघून म्हणाल्या, "अगं माय, आगगाडीचं पिल्लू हाय हे."

गाडी सुटली आणि गुरुजीही सुटले.

माथेरान सापडलं १८५० च्या मे महिन्यात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूला मुक्कामाला होते. समोर डोंगर दिसला म्हणून चढून गेले आणि वरची दाट सावली बघून खूश झाले. 'सापडलं' हा शब्द अर्थात साहेबांच्या बाजूचा. डोंगरावरच्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवल्याचं कधी कळलंच नव्हतं. पुढं मुंबईचे गव्हर्नर एलफिन्स्टन आले, रस्ता झाला, बंगले झाले, आणि उन्हाळ्यात मुंबईची श्रीमंत मंडळी नेरळला उतरून वर जाऊ लागली. वर जायचं म्हणजे घोड्यावर, नाही तर पालखीत, नाही तर पायी.

या मंडळींत सर आदमजी पीरभॉय होते. बोहरी समाजातले मोठे व्यापारी, लष्कराला तंबू पुरवून पैसा मिळवलेले. असं सांगतात, की एकदा ते नेरळला उतरले आणि त्यांना वर जायला ना घोडा मिळाला ना डोलीवाला. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की आता इथं रेल्वेच बांधायची. ही गोष्ट गुरुजींनी सांगितली तेव्हा आमच्या डब्यात शांतता पसरली. वाहन न मिळणं हा अनुभव आम्हा सगळ्यांचा. लोह्याच्या स्टँडवर आम्ही निम्मं आयुष्य त्यात काढलेलं आहे. पण असा प्रसंग आला की आमच्याकडचा माणूस फार तर निवेदन लिहितो. या गृहस्थांनी रेल्वे लिहिली. १९०० साली आराखडा झाला, १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर पोचली. काम पार पाडलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. खर्च सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख, हे गुरुजींनी दोनदा सांगितलं. पोस्टातल्या काकांनी लगेच बचतपत्राच्या दरानं त्याचे आजचे किती होतील ते काढायला घेतलं आणि वॉटर पाईप स्टेशनपर्यंत ते त्याच आकड्यात होते.

सोळा लाख कुठं गेले, ते गाडीत बसल्यावर दिसतं. नेरळहून माथेरानचं स्टेशन साडेसातशे मीटर उंचीवर. तिथं पोचायला रूळ वीस किलोमीटर वळसे घेतात. सरळ म्हणून जात नाहीत. डावीकडं दिसणारं झाड पाच मिनिटांनी उजवीकडं दिसतं आणि आणखी पाच मिनिटांनी पायाखाली. काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा चढ आहे. रेल्वेच्या लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर हा चढ म्हणजे तेल लावलेल्या मल्लखांबासारखाच. म्हणून सुरुवातीला जर्मनीतून ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार इंजिनं आणली. त्यांची खुबी अशी, की पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस जरा बाजूला सरकू शके. म्हणजे वळण आलं की इंजिन अंग चोरून वळायचं. ती इंजिनं १९८२ पर्यंत राबली. त्यातलं एक पुढं थेट इंग्लंडला गेलं आणि तिथल्या हौशी लोकांनी ते मोठ्या कौतुकानं सांभाळलं. आता डिझेलची इंजिनं आहेत. पूर्वी उतारावर डब्याडब्याला ब्रेक धरायला माणूस असे. इंजिनानं शिटी दिली की सगळ्यांनी एकदम दांडा आवळायचा. "आमच्या एकत्र कुटुंबासारखं," धाकट्या सूनबाई हळूच म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य थोरल्या सूनबाईंना ऐकू गेलं नाही, ही या प्रवासातली मोठी कृपा.

मार्गावर बोगदा एकच. त्याचं इंग्रजी नाव 'वन किस टनेल'. इतका आखूड, की अंधारात तेवढंच उरकतं. आत्याबाईंनी गुरुजींना विचारलं, "काय म्हंत्यात ह्या बोगद्याला?" बत्तीस वर्षं सहावी ते दहावीला इतिहास शिकवलेल्या माणसानं आधी खिडकीबाहेर बघितलं, मग आपल्या टोपीकडं. "एका... एका क्षणाचा बोगदा," ते म्हणाले. तेवढ्यात बोगदा आला आणि गेला. उजेड झाला तेव्हा आत्याबाई हसत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही असं आम्ही कोणत्या आधारावर धरून चाललो होतो, कोण जाणे.

गाडीचा वेग सांगायचा तर वीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त. मामा म्हणाले, "उतरून चालाया लागलो तर आपुनच आदी पोचू." पण उतरलं कोणी नाही. माणूस पायी चालून लवकर पोचतो तरीही गाडीत बसून राहतो, याला प्रवास म्हणतात. दोन्ही बाजूंनी माकडं मात्र आमच्या बरोबरीनं, वेळप्रसंगी पुढं, चालली होती.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. इंजिन दम खाऊ लागलं आणि गुरुजींनी पिशवीतून वही काढली. त्यांचा चेहरा, परीक्षेत न विचारलेला प्रश्न पोरांना सांगताना होतो तसा झाला होता.

"या लाईनीचा सल्लागार इंजिनियर कोण होता, माहीत आहे?"

कोणालाच माहीत नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं.

"एव्हरार्ड कॅलथ्रॉप."

तरीही कोणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग गुरुजींनी दुसरं वाक्य टाकलं.

"हा तोच माणूस. लातूरची बार्शी लाईट ज्यानं काढली तो."

आत्याबाईंनी खिडकीतून मान आत घेतली. "म्हंजे ही आन् आमची लातूरची गाडी एकाच घरच्या?"

"एकाच घरच्या. आणि लातूरची थोरली. तिची पहिली लाईन १८९७ ची. ही मागची धाकटी."

मग पुढचा अर्धा तास आमच्या डब्यात माथेरान नव्हतंच. होतं ते बार्शी, कुर्डुवाडी आणि लातूर.

गोष्ट अशी आहे. मुंबईहून सोलापूरकडं जाणारी जी.आय.पी. रेल्वे १८६० च्या सुमाराला झाली तेव्हा बार्शी बाजूला राहिली. बार्शी म्हणजे कापसाची, गळिताच्या धान्याची मोठी पेठ. पण रेल्वे गेली एकवीस मैल लांबून. तिथल्या स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड', म्हणजेच कुर्डुवाडी. आपल्याकडं ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतो तिथं गाव नसतं, नुसता रोड असतो, हे आम्हा लातूर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको. तर एकवीस मैल बैलगाड्यांच्या रांगा चालायच्या. १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला आलेल्या कॅलथ्रॉपनं हे बघितलं. इतक्या मालाला रेल्वे पाहिजे, हे कोणालाही दिसत होतं. पण मोठी रेल्वे एवढ्याशा पेठेला परवडायची नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं. साधारणपणे आपल्याकडं ही दोन वाक्यं पाठोपाठ आली की फाईल बंद होते.

कॅलथ्रॉपनं ती बंद केली नाही. त्यानं विचार उलटा केला. गाडीला रस्ता परवडत नसेल तर परवडणाऱ्या रस्त्याला गाडी करू. रूळ हलके घ्यायचे, यार्डाला तीस पौंडांचे. अंतर अडीच फुटांचं ठेवायचं. पण रूळ हलके म्हटले की वजनानं वाकणार. त्यावर त्याची युक्ती अशी, की इंजिन असो की डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. चाकं जास्त लावायची, भार सगळ्यांवर सारखा वाटायचा. मामांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "बराबर हाय," ते म्हणाले. "दोन पोती एका गाढवावर टाकली तर ते बसतंय. दोघांवर वाटली तर माळेगावपस्तोर जातंय." रेल्वे अभियांत्रिकीवर एवढं नेमकं भाष्य मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

१८९५ साली त्यानं लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. ती चालली, नुसती चालली नाही, तर पसरली. १९०६ साली पंढरपूर. मग दुसऱ्या बाजूनं निजामाची हद्द ओलांडून १९११ साली लातूर. इंग्रजाच्या मुलखातून निजामाच्या मुलखात शिरणारी ही अडीच फुटी गाडी आली आणि लातूरची पेठ फुगली. १९२७ मध्ये तिचं दुसरं टोक मिरजेला टेकलं. सगळी मिळून दोनशे मैलांच्या वर लाईन झाली. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारला. म्हणजे आपल्या मापाची गाडी शेवटच्या स्टेशनात पोचवूनच तो उतरला म्हणायचा.

बार्शीचं हे यश पाहून त्यानं तोच नमुना पुढं विलायतेत नेला. १९०४ मध्ये इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाईन सुरू झाली, ती बार्शीच्या धड्यावर. एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव दिलेलं. आपण विलायती नमुन्याच्या वस्तू नेहमी वापरतो. बार्शी नमुन्याची वस्तू विलायतेत वापरली गेली, हे ऐकून पोस्टातल्या काकांनी सोळा लाखांचा हिशेब बाजूला ठेवला आणि बार्शीचा पिनकोड म्हणून दाखवला. ती इंग्लंडातली लाईन मात्र १९३४ मध्ये बंद पडली. तिथं आता लोक पायी आणि सायकलवरून हवा खात फिरतात.

एवढं झाल्यावर आत्याबाई बोलू लागल्या. त्या गाडीविषयी त्यांना सन माहीत नव्हता, आसाचा भार माहीत नव्हता. त्यांना बाकीचं सगळं माहीत होतं.

"सासूबाई आन् मी आखाडीला पंढरपूरला जायचो त्या गाडीनं. लातूरला बसायचं. गर्दी म्हंजे काय गर्दी! टपावर माणसं. माझ्या मांडीवर तुझा दादा, दोन वर्साचा, आन् त्याच्या मांडीवर कोणाची तरी वळकटी. गाडी अशी हळू, की मधीच उतरून माणसं शेंगा घेऊन परत चढायची. पर ती कुठं टाकून गेली नाही कोणाला. सासूबाईंनी आयुष्यात दोनच गोष्टी बगितल्या, सासर आन् पंढरपूर. दोन्हीच्या मधी ती गाडी व्हती. ती नसती तर एकच बगितली असती."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् तिला कोणी खेळणं म्हनलं नाही कदी."

गुरुजींनी वही मिटली. त्यांना लोह्यात न मिळालेलं उत्तर मिळालं होतं. ज्याच्या दारात मोठी गाडी थांबते तो छोटीला खेळणं म्हणतो. ज्याच्या दारात काहीच थांबत नाही त्याला रेल्वे ही रेल्वेच दिसते. मापाची आठवण होते ती पोट भरलेल्याला.

माथेरानला उतरलो आणि पहिली गडबड झाली ती घोड्यांवरून. तिथं मोटारीला बंदी. त्यामुळं जिकडंतिकडं माणसं आणि घोडे. आमचे मामा इतका वेळ रुळांच्या राज्यात पाहुण्यासारखे बसले होते, ते एकदम यजमान झाले. पहिल्याच घोड्याचा त्यांनी ओठ उचलून दात बघितले आणि मालकाला त्याचं वय सांगितलं. मालकानं सांगितलेल्या वयात आणि यात चार वर्षांचा फरक होता. पुढचे दोन दिवस स्टेशनाजवळच्या घोडेवाल्यांत मामांना फुकट चहा मिळत होता. तो आदरापोटी की बोलू नये म्हणून, हे मी विचारलं नाही.

रात्री गुरुजींनी मामांसाठी म्हणून कॅलथ्रॉपचा उरलेला इतिहास सांगितला. हा रेल्वेवाला माणूस घोडेवेडा होता. अरबी घोडे पाळायचा, त्यांना मारझोड न करता कसं शिकवावं यावर त्यानं १९२० मध्ये पुस्तक लिहिलं. मामा उठून बसले. "मग त्याला माळेगावला का नाही आणलं?" ते म्हणाले. जणू पत्रिका पाठवायची राहून गेली होती.

आणखी एक. त्याचा एक मित्र होता, चार्ल्स रोल्स, ज्याचं नाव रोल्स-रॉइस मोटारीवर आहे तो. १९१० साली रोल्स विमान कोसळून गेला. तेव्हापासून कॅलथ्रॉपच्या डोक्यात हवाई छत्री बसली. विमानातल्या माणसाला जिवंत खाली येता आलं पाहिजे. त्यानं ती तयार केली आणि नाव ठेवलं 'गार्डियन एंजल', म्हणजे राखणदार देवदूत. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना विमानातून उडी मारायला छत्र्या मिळाल्या नाहीत. वरच्या लोकांना त्या गरजेच्या वाटल्या नाहीत. वर असलेल्या लोकांना खाली पडणाऱ्यांची अडचण कळायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. रेल्वे असो की छत्री, या माणसाचा धंदा एकच दिसतो. मोठ्यांनी ज्यांचा हिशेब धरला नाही त्यांच्यासाठी काहीतरी बेतून द्यायचं.

छोट्या गाड्यांचं पुढं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. माथेरानच्या गाडीला पावसानं कधीच सुखानं जगू दिलं नाही. पावसाळ्यात ती नेरळच्या बाजूनं बंदच असते. २००५ च्या जुलैत रूळच वाहून गेले, ते बसवून गाडी २००७ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसानं पुन्हा रूळ नेले. नेरळहून पूर्ण मार्गावर ती परत आली २०२२ च्या ऑक्टोबरात. दर वेळी वाटतं आता संपली, आणि दर वेळी कोणी तरी रूळ पुन्हा अंथरतं. मुंबईच्या जवळ असण्याचा फायदा असतो.

बार्शी लाईट १९५४ साली सरकारनं विकत घेतली. कुर्डुवाडीला तिच्या इंजिनांचं वर्कशॉप होतं, तिथं अख्ख्या पिढ्या हातोडा मारून जेवल्या. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं तिचे रूळ निघाले आणि त्या जागी मोठी गाडी आली. लोकांना दुःख झालं आणि आनंदही झाला. लेकीच्या लग्नात होतात तसे दोन्ही एकदम.

आणि इथं ती गोष्ट येते, जी मला त्या अर्ध्या तासात राहून राहून आठवत होती. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, लातूरच्या नळाला पाणी नाही. भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. तेव्हा एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाचेक लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. 'जलदूत' म्हणायचे तिला. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मधे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवपाशी रस्ता थोडा बदललेला, पण बाकी वाट ती अडीच फुटी गाडीचीच. एकवीस मैलांच्या कापसाच्या पोत्यांसाठी एका माणसानं हलके रूळ टाकले होते. एकशेएकोणीस वर्षांनी त्याच वाटेनं एका शहराला प्यायला पाणी आलं. धाकटी गाडी जिथं पोचली होती तिथंच थोरली पोचू शकली. आणि जिथं धाकटी पोचलीच नव्हती तिथं?

तिथं आम्ही आहोत. आमच्याकडं त्या वर्षी पाणी टँकरनं आलं, रस्त्यानं.

लोह्यात परत आल्यावर पारावर सहलीचा वृत्तांत झाला. गुरुजींनी तो सनावळीसह सांगितला, मामांनी घोड्यांसह. शेवटी कोणी तरी नेहमीप्रमाणं नांदेड–लातूर रोड लाईनीचा विषय काढला. मोठी गाडी कधी येणार, किती खर्च, भूसंपादन कसं होणार, आणि एवढ्याशा वाहतुकीला ती परवडणार का, असा तो नेहमीच्या रुळावरून चालला. आत्याबाई देवळातून परतताना जरा टेकल्या होत्या, त्या इतका वेळ गप्प होत्या.

"एवढं अडून बसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "मोठी जमत नसल तर राहू द्या. त्यान्ला म्हणावं, दीड हाताची बी चालंल. आमची माणसं मांडीवर मांडी घालून बसत्यात."

पोस्टातले काका कागद-पेन शोधू लागले. हे निवेदन कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, त्याचा पिनकोड त्यांना आधीपासूनच पाठ होता.